एकशे चाळीस पावलं

अमळनेर
६ जानेवारी २०२५

आदरणीय शितोळे साहेबांना सुभाष बोरसेचा रामराम.

ओळख लागावी म्हणून लिहितो. बडोद्याला वासणा भागातल्या सोसायटीत सांडपाण्याच्या प्लांटवर मी चार वर्षं तुमच्या हाताखाली ऑपरेटर होतो. उजव्या गुडघ्याने अधू, तोच. दिवाळीत तुम्हाला तीनदा फोन लावला, उचलला गेला नाही. साहेब कामात असतील, म्हटलं पत्र टाकावं. पत्र माणूस सवडीने वाचतो.

आम्ही गावी आलो त्याला दीड वर्ष झालं. इथे नंदूशेठ म्हणून आहेत, त्यांचा पाण्याच्या जारचा कारखाना आहे. मी जार धुतो, भरतो, टेम्पोत चढवतो. त्यांच्याकडेही ओझोनचं मशीन आहे, आपल्यापेक्षा पुष्कळ लहान. मी त्याला हात लावत नाही. आधीचा ऑपरेटर सोडून गेला, तेव्हा नंदूशेठ म्हणाले, “बोरसे, तुम्हाला याच्यातलं कळतं, तुम्हीच बघा.” मी नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही. कसं सांगणार, साहेब? ज्याच्या हळू चालण्यामुळे नऊ मुलं आजारी पडली, त्याने पुन्हा पाण्याच्या मशीनपाशी उभं राहू नये, हे मला समजतं.

पण नंदूशेठ सोडत नाहीत. मग मी विचार केला की पाय दुरुस्त झाला तर अडचण काय? जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, लहानपणी हाड वाकडं जुळलंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल. मार्चमध्ये करू म्हणतात.

आता माझं काम सांगतो. तुम्ही एकदा घड्याळ लावून बघितलं होतं, की टाकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंतची एकशे चाळीस पावलं चालायला मला किती वेळ लागतो. तो आकडा तुमच्याकडे असेल. मला तो कळवा. आणि ओझोन पाण्यात किती वेळ टिकतो तेही लिहा. ऑपरेशननंतर मी तेवढ्या वेळात चालायचा सराव करीन. त्यात बसलो तरच नंदूशेठना हो म्हणीन.

आपला आज्ञाधारक,
सुभाष बोरसे

◆

बडोदा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुभाषभाऊ,

पत्र मिळालं, आनंद झाला. उत्तराला उशीर झाला त्याचं खापर उत्तरायणावर फोडतो. आठवडाभर अख्खं बडोदं गच्चीवर असतं हे तुम्हाला सांगायला नको. आमचे बाबा या वयातही पतंग काटतात आणि काटला गेला की मांज्याला शिव्या देतात. शितोळे कुणाच्या हातून हरत नाहीत, फक्त मांजा खराब निघतो.

ओझोनचं विचारलंत. सोपं करून सांगतो. ओझोन म्हणजे ऑक्सिजनच, पण दोघांच्या संसारात तिसरा येऊन बसलेला. त्या तिसऱ्याचं तिथे मन रमत नाही. मिळेल त्याला तो चिकटतो, आणि चिकटतो त्याला जाळतो. म्हणून जंतू मरतात. मारून झालं की मागे साधा ऑक्सिजन उरतो, क्लोरीनसारखा वास नाही, चव नाही. एवढा गुणी, पण पाण्यात विरघळायला महा नाखूश. गार पाण्यात बरा उतरतो, कोमट पाण्यात नाक मुरडतो. म्हणून खोल टाकीच्या तळाशी सोडायचा, बुडबुडा जितका बारीक तितकं बरं, म्हणजे वर येईपर्यंत त्याला पाण्याशी ओळख करून घ्यायला वेळ मिळतो. स्वच्छ गार पाण्यात काही मिनिटं राहतो. आपल्यासारख्या सांडपाण्यात त्याहून कमी, उन्हाळ्यात आणखी कमी. नेमके सेकंद कुणी सांगू शकणार नाही.

तुमच्या चालण्याचा आकडा मात्र मला आठवत नाही. दोन वर्षं होत आली, इतकं कोण लक्षात ठेवतं?

ऑपरेशनचं म्हणाल तर डॉक्टर म्हणत असतील तर करून टाका. तब्येत आधी. आणि जुन्या गोष्टी उगाळत बसू नका. इथे सगळं ठीक आहे. खंडेराव मार्केटात परवा हिरव्या लसणाचे ढीग दिसले आणि तुमच्या डब्याची आठवण झाली. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धैर्यशील शितोळे

◆

अमळनेर
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय साहेब,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि नयनालाही वाचून दाखवलं. तुम्ही समजावून सांगितलं की अवघड गोष्ट सोपी होते. पहिल्या दिवशीही असंच सांगितलं होतं.

ऑपरेशनची तारीख ठरली, सतरा मार्च, सोमवार. तुम्ही करून टाका म्हणालात, त्याने मन पक्कं झालं. नयना नको म्हणत होती. मी तिला तुमची ओळ दाखवली.

तुमच्या पत्राने मला ते सगळं पुन्हा दिसायला लागलं. फेब्रुवारीत मशीन आलं तेव्हा टाकीच्या तळाला पांढऱ्या चकत्या होत्या, भाजलेल्या मातीच्या असाव्यात तशा. त्यातून इतके बारीक बुडबुडे निघायचे की बुडबुडे दिसायचेच नाहीत, नुसतं पाणी दुधाळ व्हायचं. आवाज नाही, काही नाही. पाडव्यानंतर तुम्ही त्या काढून भोकं पाडलेली नळी बसवलीत. मग पाणी कसं खदखदायला लागलं! सोसायटीतले लोक संध्याकाळी बघायला यायचे. टाकीवर वासही यायचा, वीज पडल्यावर येतो तसा, नाक चुरचुरायचं. मी एकदा म्हणालो होतो, साहेब, वास वर येतोय म्हणजे आत जात नसेल का? तुम्ही म्हणालात, चेअरमनसाहेबांना आवडतोय, राहू दे. मी गप्प बसलो. आयटीआय शिकलेल्या माणसाने इंजिनियरला काय सांगायचं?

मग एप्रिलमध्ये निळ्याच्या चाचणीत शून्य यायला लागलं. बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, खोलीत आणायचं, निळं घालायचं. निळा रंग उडाला तर ओझोन आहे, निळं निळंच राहिलं तर नाही. माझं रोज निळंच राहायचं. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर घड्याळ लावलंत आणि म्हणालात, “बोरसे, या उन्हात तुम्ही पोहोचेपर्यंत ओझोन उडून जातो. आकडा चुकीचा आहे, चार दशांश लिहा.” मी लिहिलं. ते लिहायला नको होतं. तुम्ही सांगितलंत तरी हात माझा होता.

त्याच पाण्याचं कारंजं. त्यात मुलं सुट्टीत नाचायची. त्यांच्यातली आकांक्षा कावीळ होऊन अकरा दिवस दवाखान्यात होती. ती आता बरी आहे ना? तेवढं कळवा.

आपला आज्ञाधारक,
सुभाष

◆

अमळनेर
१९ फेब्रुवारी २०२५

शितोळे साहेब,

मी नयना बोरसे, सुभाषची बायको. ह्यांना न सांगता लिहिते आहे. अक्षर चुकलं तर समजून घ्या.

ह्यांच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा तुम्ही हक्काने मागून खायचा, त्या हक्काने मी आज काही मागते. ह्यांचा पाय अधू आहे पण चालतो. सायकल चालवतात, मांडी घालून जेवायला बसतात. जळगावच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात हाड मोडून बसवलं तर गुडघा ताठ राहण्याची भीती आहे, अगदीच गरज असेल तर करा. मला तर गरज दिसत नाही. ह्यांना पायाचं दुखणंच नाही. ह्यांना दुसरंच दुखतं आहे.

घरात सुद्धा चालताना पावलं मोजतात. पाण्याचा तांब्या आणायला गेले तरी ओठ हलतात. मला वाटायचं जप करतात. मग एकदा ऐकलं, अडतीस, एकोणचाळीस.

माझं काय, कुणाचंच ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. त्यांना लिहा की तुमच्या पायामुळे काही झालं नाही. खोटं का असेना, लिहा. तुम्ही मोठे आहात, एवढं एक खोटं लिहिल्याने तुमचं काही बिघडणार नाही. आमचं पुष्कळ वाचेल.

नयना

◆

बडोदा
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुभाषभाऊ,

आकांक्षा ठणठणीत आहे. यंदा दुसरीत आहे आणि स्केटिंग करताना सगळ्यांच्या अंगावर जाते. तिची काळजी सोडा.

एक गोष्ट मी गेल्या पत्रात लिहायला हवी होती. जे झालं त्यात तुमच्या पायाचा दोष नव्हता. अशा गोष्टींना अनेक तांत्रिक कारणं असतात. मशीन नवीन होतं, उन्हाळा कडक होता, सगळ्यांचाच अनुभव कमी पडला. एका माणसाच्या चालण्यावर एवढा मोठा प्लांट अवलंबून नसतो. तेव्हा मनावरचं ओझं उतरवा, आणि ऑपरेशनची घाई करू नका. मी आधी करून टाका म्हणालो होतो, पण विचार केल्यावर वाटतं की या वयात असल्या भानगडीत पडू नये. नंदूशेठना सरळ हो म्हणा.

बाबांचा आशीर्वाद. सौ. राजेश्वरीनेही नमस्कार सांगितला आहे.

तुमचा,
धैर्यशील

◆

अमळनेर
३ मार्च २०२५

आदरणीय साहेब,

तुमचं पत्र वाचून डोळ्यात पाणी आलं. तुम्ही माझ्यासाठी किती मोठं मन करता. पण साहेब, मला कळलं आहे. नयनाच्या वहीतून एक पान फाडलेलं दिसलं, विचारलं तर रडायला लागली. तिने तुम्हाला लिहायला लावलं आणि तुम्ही लिहिलंत. तिचा राग नाही, तुमचाही नाही. माझं बरं व्हावं म्हणूनच दोघांनी केलं.

पण खरं काय ते माझ्याकडे आहे. सोसायटीने मला काढलं त्या कागदाची नक्कल मी जपून ठेवली आहे. खाली तुमची सही आहे. “ऑपरेटरच्या शारीरिक मर्यादेमुळे नमुना वेळेत तपासणीस पोहोचत नव्हता व नोंदी अंदाजाने भरल्या जात होत्या.” हे तुम्ही चौकशीत, सगळा विचार करून लिहिलं होतं. आत्ताचं पत्र दया येऊन लिहिलं आहे. दोन्हीतलं खरं कोणतं, हे काय मला कळत नाही?

या पत्राबरोबर एक छोटी वही पाठवतो आहे. तुम्हाला ठाऊक नसेल. रजिस्टरात मी चार दशांश लिहायचो, पण खरा आकडा खिशातल्या या वहीत पेन्सिलीने टिपायचो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन दशांश, चार दशांश आहेत, मग पाच एप्रिलपासून नुसती शून्यं. एकोणचाळीस दिवस. मी का टिपायचो, मलाच माहीत नाही. खोटं लिहिलेला हात कुठेतरी खरं लिहू बघत असेल.

ऑपरेशन म्हटलं की काहीही होऊ शकतं. माझ्यामागे ही वही कुणाच्या हाती लागावी असं वाटत नाही, की बघा, याला शून्य दिसत होतं आणि हा चार लिहीत होता. जाळायला घेतली होती, हात धजला नाही. तुम्ही ठेवा किंवा फाडा. तुमच्याकडे असली की मला काळजी नाही.

सतराला सकाळी आठला दाखल व्हायचं आहे. तुमची आठवण ठेवून जाईन.

आपला आज्ञाधारक,
सुभाष

◆

बडोदा
९ मार्च २०२५

सुभाषभाऊ,

हे पत्र पूर्ण वाचा, आणि वाचल्याशिवाय जळगावला जाऊ नका. मी आज नयनावहिनींना फोन करून तेवढंच सांगितलं आहे. बाकीचं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बोललेलं उद्या मी नाकारू शकतो, आणि माझा मला भरवसा नाही. म्हणून खाली सही करून लिहितो आहे.

दिवाळीत तुमचे तीनही फोन मी पाहिले होते. हातातच फोन होता. नाव वाजत राहिलं आणि मी बघत राहिलो. तुम्ही विचारलेला आकडाही मला पाठ आहे, दोन मिनिटं चाळीस सेकंद. तो विसरता आला असता तर बरं झालं असतं.

आता मूळ गोष्ट. पाडव्याला कारंज्याचं उद्घाटन होतं, तुम्ही नारळ आणून दिला होता. चेअरमन टाकीत वाकून बघायला लागले. पाणी दुधाळ, शांत, म्हणजे जसं असायला हवं तसं. ते मला म्हणाले, “शितोळेसाहेब, मशीन चालु छे के बंध?” चाळीस माणसं हसली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या घरात चार पिढ्या संस्थानच्या फौजेत होत्या, हे ते ज्याला त्याला सांगतात, आणि त्यांच्या मुलाला पाण्याच्या टाकीपाशी लोक हसले. एवढंच झालं होतं. मी तेव्हाच समजावून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं. ते न करता मी दोन आठवड्यांत मकरपुऱ्याच्या एका लेथवाल्याकडून नळीला भोकं पाडून आणली आणि चकत्या गोणीत भरल्या. खदखद सुरू झाली. चेअरमन पाहुण्यांना आणून दाखवू लागले, “वास आवे छे ने? एटले काम करे छे!” वास येतोय म्हणजे काम करतंय, यावर मी मान डोलवायचो. मोठा बुडबुडा पाण्यातून सरळ वर पळतो, विरघळत नाही, वास येतो तोच मुळी वाया गेलेल्या ओझोनचा, हे मला शिकवावं लागत नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही बरोबर होता. मी तुम्हाला गप्प केलं.

याच्यापुढचं लिहायला मला लाज वाटते, तरी लिहितो. तुमची शून्यं यायला लागल्यावर अकरा एप्रिलला दुपारी, तुम्ही जेवायला गेला असताना, मी स्वतः चाचणी केली. पण तुम्हाला शिकवली तशी नाही, खरी करतात तशी. पाणी खोलीत आणायचंच नसतं, सुभाषभाऊ. निळं टाकीपाशी न्यायचं असतं. बाटलीत निळं आधीच घालून टाकीच्या काठावर उभं राहायचं आणि तिथेच पाणी त्यात घ्यायचं. जो रंग उडायचा तो त्याच क्षणी उडतो, मग बाटली घेऊन एकशे चाळीस पावलं चाला नाहीतर चौदाशे, काही फरक पडत नाही. ही पद्धत मला पहिल्यापासून माहीत होती. निळ्याची बाटली उन्हात ने-आण करण्याचा मला कंटाळा होता म्हणून मी तुम्हाला सोयीची, चुकीची पद्धत शिकवली.

त्या दिवशी काठावरच पाणी घातलं. निळं निळंच राहिलं. शून्य तुमच्या चालण्यात नव्हतं, टाकीतच होतं.

आणि मग सोळा एप्रिलला मी तुमच्यामागे घड्याळ लावून उभा राहिलो. तारखा बघा. आधी मला कळलं, आणि मग मी सगळ्यांसमोर तुमच्या पायावर ढकललं. फेब्रुवारीत त्याच पायाने तीच पावलं चालून तुम्ही तीन-चार दशांश आणत होता, हे तुमच्या वहीत आहे आणि तेव्हा माझ्या डोक्यातही होतं. उन्हाळ्याचं कारण पुढे करून मी ते झाकलं. नळी काढायची तर टाकी रिकामी करावी लागली असती, का म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं. त्यापेक्षा एक माणूस हळू चालतो असं म्हणणं सोपं होतं. मुलं आजारी पडली तेव्हाही सोपंच वाटलं. तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी चकत्या परत बसवल्या. नवा ऑपरेटर आला, आकडे सुधारले, आणि समितीत माझं कौतुक झालं की माणूस बदलला आणि काम सुधारलं. मी ते कौतुक ऐकून घेतलं.

वहिनींनी मला एक खोटं लिहायला सांगितलं होतं. मला सुटका दिसली. खरं आहे तेच दया म्हणून लिहायचं, म्हणजे तुमचं ऑपरेशन टळेल आणि मीही तसाच चांगला राहीन. तुम्ही ते पत्र मानलं नाहीत, ते बरं झालं.

वही आली त्या दिवशी ती फाडायची मोकळीक तुम्हीच मला दिली होती. ती माझ्या टेबलावर दोन दिवस होती. खोटं सांगत नाही, पहिल्या दिवशी काडेपेटीही होती.

काल तिच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणि हीच हकिगत सही करून सोसायटीचे सेक्रेटरी आनंदभाई यांना दिली. त्यांची पोहोच सोबत जोडली आहे. आकांक्षाच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही. समितीची सभा पुढच्या रविवारी आहे, माझी नोकरी राहील असं वाटत नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते हातातलं वर्तमानपत्र घडी करत राहिले, पुष्कळ वेळ. मग म्हणाले, “मी तेव्हा हसलो नव्हतो रे.” हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

तुमची क्षमा मागायला तोंड नाही. तुमचा पाय आहे तसा चांगला आहे. तो मोडून घेऊ नका.

धैर्यशील शितोळे

◆

अमळनेर
१८ मार्च २०२५

श्री. धैर्यशील शितोळे यांस,

काल सतरा तारीख होती. जळगावला गेलो नाही.

तुमचं पत्र बारा तारखेला आलं. नयनाला तिसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी साहेबांना खोटं लिहायला सांगितलं होतं, आणि ते खरं दाबून बसले होते.” मग तिने तुम्हाला पुष्कळ बोलून घेतलं, ते लिहीत नाही. माझंही मन तुमच्याबद्दल साफ झालेलं नाही. होईल की नाही सांगता येत नाही. दीड वर्ष मी घरातल्या घरात पावलं मोजली, ती कुठे परत मिळणार?

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. चार दशांश मी लिहिले. तुम्ही सांगितलंत, पण शून्य मला दिसत होतं आणि मी लिहिलं नाही. ती चूक माझी आहे, तुमच्या पत्राने ती माझी राहायची थांबत नाही. आकांक्षाच्या वडिलांना मी वेगळं पत्र टाकलं आहे.

काल सकाळी कॉलेजच्या रसायनशाळेतल्या एका सरांकडे गेलो आणि चाचणीचं निळं मागून आणलं. नंदूशेठना म्हणालो, मशीन सुरू करा. बाटलीत आधी निळं घातलं, जार भरतात त्या तोटीपाशी उभा राहिलो आणि तिथेच पाणी घेतलं. रंग उडाला. हलका निळसर राहिला, बाकी गेला. मग ती बाटली घेऊन मी गोदामाच्या टोकापर्यंत चालत गेलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. मुद्दाम हळू चाललो. नंदूशेठ विचारत होते, बोरसे, कुठे निघालात? पावलं मोजली नाहीत. परत येऊन रंग बघितला तर तसाच. सरांनी दिलेल्या रंगांच्या पट्टीला लावून बघितला, तीन दशांश.

नंदूशेठना हो म्हटलं आहे. उद्यापासून मशीन माझ्याकडे.

माझी वही परत पाठवा. मी ती जाळायला निघालो होतो, पण त्यातली एकोणचाळीस शून्यं बरोबर होती, हे आता मला कळलं. त्यांच्याखाली अर्धं पान कोरं आहे. तिथे मला कालची तारीख घालून तीन दशांश लिहायचं आहे, पेनने.

रजिस्टर पोस्टाने पाठवा. साध्या टपालाने नको.

सुभाष बोरसे
ऑपरेटर